कमी खर्चातला गेमिंग संगणक : आधी कोणता भाग बदलावा?

विकास नगर (लखनौ) : पाच-सहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला संगणक नव्या खेळात अडखळू लागला, की घरात दोन मते पडतात. हा काढून नवाच घ्यावा, असे एक मत. महागडे ग्राफिक्स कार्ड आणून यातच बसवावे, असे दुसरे. दोन्ही मते बहुधा घाईची असतात. संगणकाचा नेमका कोणता भाग कमी पडतो आहे हे न पाहता केलेला खर्च अनेकदा वाया जातो आणि एकदा उघडलेली खोकी दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून पैसे काढण्यापूर्वी तासभर मोजमापात घालवणे हा या व्यवहारातील सर्वांत फायद्याचा भाग ठरतो.

लखनौच्या उत्तरेकडील कुर्सी रोडलगतच्या विकास नगरासारख्या मध्यमवर्गीय वसाहतींत संगणक घरात बहुधा एकच असतो. दिवसा त्यावर अभ्यास, अर्ज आणि हिशेब होतात, रात्री खेळ. सुटे भाग घ्यायचे तर लालबाग-हजरतगंज भागातील नाझा मार्केट गाठावे लागते. मुंबईकरांसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि दिल्लीकरांसाठी नेहरू प्लेस यांचे जे स्थान, तेच लखनौकरांसाठी या बाजाराचे. बाजार कोणताही असो, गिऱ्हाइकाला पडणारा प्रश्न एकच आहे : हातात पैसे मोजके असताना आधी काय बदलावे?

विवेचनासाठी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. समजा, २०१९ च्या सुमारास जुळवलेला एक संगणक आहे. त्यात एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटबरोबर आलेला पॉवर सप्लाय आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे. त्या काळी भारतात काटकसरीने जुळवलेले असंख्य संगणक साधारण याच धाटणीचे होते.

एकीचे लाटणे, दुसरीचा तवा

खेळातील प्रत्येक चित्रचौकट, म्हणजे फ्रेम, दोन हातांखालून जाते. पात्र कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली की उभी आहे, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून प्रत्यक्ष चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटते आणि दुसरी भाजते, तसाच हा मामला आहे. लाटायला एक मिनिट आणि भाजायला दोन मिनिटे लागत असतील, तर दर दोन मिनिटांनीच एक पोळी डब्यात पडेल. लाटणारीने कितीही घाई केली तरी परातीत लाटलेल्या पोळ्यांचा ढीग होईल, इतकेच. उलट लाटणेच संथ असेल, तर तवा कितीही मोठा आणला तरी तो रिकामा तापत राहील.

हेच आकड्यांत पाहू. एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १० मिलिसेकंद आणि ग्राफिक्स कार्डाला २५ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ४० फ्रेम मिळतील. ८ मिलिसेकंदांत काम उरकणारे नवे कार्ड बसवले, तर कागदावरच्या हिशेबाने १२५ फ्रेम मिळायला हव्यात. प्रत्यक्षात १०० च मिळतील, कारण आता प्रोसेसरचे १० मिलिसेकंद आड येतील. त्याहून दुप्पट वेगाचे, ४ मिलिसेकंदांचे कार्ड आणले तरी आकडा १०० च राहील आणि वरचे पैसे बुडीत जातील. सुटे भाग निवडण्याचे सारे तंत्र या साध्या गणितात आहे.

मोजमाप कसे करावे?

पहिली चाचणी फुकट आणि सोपी आहे. नेहमीच्या खेळातील एकच प्रसंग दोनदा खेळावा. पहिल्या वेळी चित्राचे रेझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवावे, दुसऱ्या वेळी १२८० बाय ७२०. पहिल्यात सुमारे २०.७ लाख बिंदू रंगवावे लागतात, दुसऱ्यात ९.२ लाख. ग्राफिक्स कार्डाचे ओझे निम्म्याहून कमी होते. प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते. रेझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेमचा आकडा चांगलाच वाढला, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. आकडा हललाच नाही, तर प्रोसेसर कमी पडतो आहे.

दुसरी खूण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये किंवा एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत साधनात सापडते. खेळताना ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या पुढे असेल, तर ते पूर्ण कामाला लागलेले आहे. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेमवर कोणतीही मर्यादा लावलेली नसेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसले आहे. येथे एक सावधगिरी हवी. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसला म्हणून तो निवांत आहे असे समजू नये. त्याच्या सहा कोअरपैकी एकच पूर्ण भरलेला असू शकतो आणि खेळाचा मुख्य हिशेब अनेकदा त्या एकावरच अडतो.

तिसरी खूण सरासरीत दिसत नाही. सरासरी ६० फ्रेम असूनही मधूनच चित्र थबकत असेल, तर संशय रॅम, ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी किंवा हार्ड डिस्क यांवर घ्यावा. या तिन्हींत जागा अपुरी पडली की माहिती संथ वाटेने आणावी लागते आणि तेवढा वेळ खेळ थांबतो.

ऑनलाइन खेळणाऱ्यांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. शत्रू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसणे, गोळी उशिरा लागणे, ही लक्षणे बहुधा इंटरनेटच्या विलंबाची, म्हणजे पिंगची, असतात. लखनौहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परतायला संदेशाला लागणारा वेळ कोणतेही ग्राफिक्स कार्ड कमी करू शकत नाही. वाय-फायऐवजी राउटरपासून थेट केबल ओढणे हा त्यावरचा स्वस्त आणि अनेकदा पुरेसा उपाय आहे.

खिशाला हात लावण्यापूर्वी

काही सुधारणा पैसे न मोजता मिळतात. ३२०० मेगाहर्ट्झची म्हणून घेतलेली रॅम बायोसमधील एक्सएमपी हा पर्याय सुरू केला नसल्याने २१३३ किंवा २४०० वर धावताना अनेक घरांत आढळते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असूनही विंडोजच्या मांडणीत ६० हर्ट्झच निवडलेले असते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली असणे, ही चूकही वाटते तितकी दुर्मीळ नाही. खेळातील सावल्या, प्रतिबिंबे आणि दूरवरच्या दृश्यांचा तपशील या मांडण्या एक पायरी खाली आणल्या, की चित्राची शोभा फारशी न घटता फ्रेम वाढतात.

सॉफ्टवेअरची बाजूही तपासावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सोयी लागतात. इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका यांपासून पुढचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसतात. आपल्या नमुन्यातील रायझन ५ २६०० ही बसतो, मात्र टीपीएमची सोय बायोसमध्ये बंद असू शकते. विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा खेळ या सोयी सुरू असल्याशिवाय चालतच नाही. केवळ एक खूण करायची राहिली म्हणून नवा मदरबोर्ड घेण्याची वेळ कुणावर येऊ नये.

एसएसडी आणि रॅम

मोजमापानंतर पहिला खर्च कशावर, याचे उत्तर नमुन्यातील संगणकापुरते स्पष्ट आहे. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी माहिती वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५० एमबी आणि मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई एसएसडी ३,००० एमबींच्याही पुढे. मात्र खरा फरक या आकड्यांहून मोठा जाणवतो, कारण विखुरलेल्या लहान फाइली शोधताना हार्ड डिस्कचा काटा इकडून तिकडे फिरत राहतो आणि एसएसडीत फिरणारे काही नसतेच. एसएसडीने सरासरी फ्रेम फारशा वाढत नाहीत. वाढतो तो संगणक सुरू होण्याचा वेग, खेळ उघडण्याचा वेग आणि मोठ्या नकाशात फिरतानाचा सलगपणा. अलीकडचे अनेक मोठे खेळ तर एसएसडी हीच किमान गरज म्हणून सांगतात. शिवाय तिचा लाभ घरातील प्रत्येकाला होतो. अभ्यासाला बसणाऱ्यालाही आणि हिशेब करणाऱ्यालाही.

साटा आणि एनव्हीएमई यांतील निवडीचा घोळ मात्र घालू नये. खेळापुरता दोहोंतील फरक हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्याच्या फरकापेक्षा पुष्कळच लहान आहे. किंमत सारखी असेल तर एनव्हीएमई घ्यावी. मदरबोर्डवर तिची खाच नसेल तर साटा घेऊन समाधान मानावे.

रॅमच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत : आकार आणि जोडी. आजच्या मोठ्या खेळांना ८ जीबी अपुरी पडते. १६ जीबी ही व्यवहार्य पातळी आहे. ही रॅम एका पट्टीत असण्यापेक्षा दोन पट्ट्यांत असणे अधिक लाभाचे. ३२०० मेगाहर्ट्झच्या डीडीआर४ रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर ५१.२ जीबी. स्वतंत्र कार्ड नसून प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना हा फरक सर्वाधिक जाणवतो, कारण तेथे चित्र रंगवण्याचे कामही याच रॅमवर चालते.

रॅमची खरेदी आता पूर्वीसारखी किरकोळ राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मेमरीची मागणी वाढल्याने निर्मात्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले. मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी क्रुशियल या नावाने चालणारा आपला घरगुती ग्राहकांचा व्यवसाय आवरता घेण्याची घोषणा केली. या परिस्थितीत हातात असलेली डीडीआर४ पट्टी ही ठेव समजावी. ती काढून टाकून नव्या जोडीवर खर्च करण्याऐवजी तिच्याशी जुळणारी, त्याच क्षमतेची आणि शक्यतो त्याच वेगाची दुसरी पट्टी शोधावी. वेग वेगळा असला तरी दोन्ही पट्ट्या सहसा चालतात, मात्र संथ पट्टीच्या वेगाने.

आधी वीज, मग कार्ड

ग्राफिक्स कार्डाकडे वळण्यापूर्वी ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, तो पाहावा. बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात तो पॉवर सप्लाय फ्रेम वाढवत नाही, पण बिघडला तर जाताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या डब्यावर ४५० किंवा ५०० वॅट असे ठळक छापलेले असते. त्यावर विसंबू नये. शेजारच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची वीज याच वाटेने येते. तेथे ३६ अँपिअर असतील तर १२ गुणिले ३६, म्हणजे ४३२ वॅट. १६ च अँपिअर असतील तर केवळ १९२ वॅट, मग वर आकडा काहीही छापलेला असो.

गरजेचा हिशेबही कठीण नाही. नमुन्यातील प्रोसेसर भर कामात ८०-९० वॅट घेतो. त्यात १३२ वॅटचे नवे कार्ड आणि इतर भागांसाठी ५० वॅट धरले, तर बेरीज २७० च्या आसपास जाते. नामांकित कंपनीचा खऱ्या ४५० ते ५५० वॅटचा पॉवर सप्लाय येथे ऐसपैस पुरतो. ८५० वॅटचा घेणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. डब्यावरील ८० प्लस हे चिन्ह विजेच्या कार्यक्षमतेविषयी आहे. ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

उन्हाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या भागांत यूपीएस चैनीत मोडत नाही. घरगुती वापराचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. संगणक आणि मॉनिटर मिळून त्याच्या काठावर येत असतील, तर पुढची क्षमता निवडावी. त्याचे काम खेळ चालू ठेवण्याचे नाही. खेळ आवरून संगणक नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे मिळवून देण्याचे आहे.

ग्राफिक्स कार्ड : नव्याचा मोह आणि जुळणी

विजेची बाजू पक्की झाली, की बहुतेक गेमिंग संगणकांत सर्वांत मोठी झेप ग्राफिक्स कार्डच देते. नमुन्यातील जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ चे कार्ड. त्याच्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले असून सुरक्षाविषयक दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. जुने खेळ त्यावर चालत राहतील; नव्यांसाठी त्याचा काळ सरला आहे.

नवे कार्ड पाहताना चार प्रश्न विचारावेत. पहिला मेमरीचा. ४ जीबीचे कार्ड आज घेऊ नये. ८ जीबी ही किमान मर्यादा मानावी. कार्डाची मेमरी भरली की माहिती मदरबोर्डच्या वाटेने मुख्य रॅममधून आणावी लागते आणि खेळ थबकू लागतो. दुसरा प्रश्न त्या वाटेच्या रुंदीचा. बी४५० सारख्या मदरबोर्डवर तिसऱ्या पिढीची पीसीआय एक्स्प्रेस खाच असते. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचे कार्ड चारच मार्गिका वापरते. ते चौथ्या पिढीच्या खाचेसाठी ठीक आहे, पण जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग डोळ्यांत भरेल इतका घटतो. याच घराण्यातील ८ जीबीचे आरएक्स ६६०० आठ मार्गिका वापरते आणि जुन्या खाचेतही त्याचे फारसे नुकसान होत नाही. दुकानात दोन्ही खोकी शेजारी ठेवलेली असतात; हा फरक त्यांच्यावर ठळक छापलेला नसतो.

तिसरा प्रश्न जोडीदाराचा. इंटेलचे डिसेंबर २०२४ मध्ये आलेले आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड किमतीच्या मानाने आकर्षक आहे, पण त्याला रिसायझेबल बार ही सोय लागते आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याची ताकद बरीच उणावते. नव्या संगणकात शोभणारे कार्ड जुन्या संगणकात तितके कामाचे असेलच असे नाही. चौथा प्रश्न जागेचा आणि विजेच्या जोडणीचा. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का? पॉवर सप्लायला आठ पिनांची जोडणी आहे का? मदरबोर्डची खाच ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्यापुढची या जोडणीतून यावी लागते.

कार्यालयांतून निवृत्त झालेले जुने संगणक स्वस्तात घेऊन त्यावर खेळणाऱ्यांसाठी हा चौथा प्रश्न निर्णायक आहे. त्यांचे पॉवर सप्लाय अनेकदा २४० वॅटच्या आसपासचे आणि कंपनीच्या स्वतःच्या घडणीचे असतात. बाजारातील साधा एसएमपीएस तेथे बसत नाही. बारीक कॅबिनेट असेल तर अर्ध्या उंचीचेच कार्ड लागते. अशा संगणकात वेगळी वीजजोडणी न मागणारे, ७५ वॅटच्या आतले कार्ड हाच राजमार्ग. २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप ७० वॅटचे असून या गरजेत बसते. ८ जीबीच्या नियमाला हा एवढा अपवाद करता येतो.

प्रोसेसर बदलावा, पण घर मोडू नये

मोजमापात प्रोसेसर दोषी ठरला, तर पहिला प्रश्न हा : आहे त्याच मदरबोर्डवर वरचा प्रोसेसर बसतो का? तसा बसत असेल तर खर्च एका भागाचा होतो. नसेल तर मदरबोर्ड आणि कदाचित रॅमही बदलावी लागते, म्हणजे तीन भागांचा. एएमडीच्या एएम४ या बैठकीचे वैशिष्ट्य येथे उपयोगी पडते. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या रायझन ५ ५६०० पर्यंतच्या पिढ्या या एकाच बैठकीवर आल्या आणि २०१८ च्या बी४५० मदरबोर्डवरही बायोस अद्ययावत केल्यावर हा नवा प्रोसेसर चालतो. दोहोंचे कोअर सहाच असले तरी ५६०० चा प्रत्येक कोअर २६०० च्या मानाने कितीतरी चपळ आहे. इंटेलच्या बाजूला बैठक साधारण दर दोन-तीन पिढ्यांनी बदलत गेली : दहाव्या-अकराव्या पिढीसाठी एक, बारावी ते चौदाव्या पिढीसाठी दुसरी. म्हणून खरेदीपूर्वी मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरची यादी पाहणे अटळ आहे.

बायोस अद्ययावत करण्याचे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे. तो काढून नवा बसवल्यावर लक्षात आले, तर संगणक सुरूच होणार नाही आणि पुन्हा जुना बसवण्याची यातायात करावी लागेल. या कामात मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. यूपीएस घरात असावा याचे हे आणखी एक कारण.

संपूर्ण बैठक बदलून डीडीआर५ कडे जाण्याचा सल्ला सध्या सरसकट देता येत नाही. एएमडीच्या एएम५ बैठकीला डीडीआर५ रॅमच लागते आणि तिचेच भाव चढलेले आहेत. जुन्या बैठकीवर शेवटची पायरी गाठून दोन-तीन वर्षे काढणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग दिसतो.

लू, धूळ आणि डोळ्यांपुढचा पडदा

मे-जून महिन्यांत लखनौचे तापमान ४० अंशांच्या वर राहते आणि काही दिवस ४५ च्या पुढेही जाते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. संगणकाचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली २५ अंशांऐवजी ४० अंशांवर असेल, तर आतले भागही साधारण १५ अंशांनी अधिक तापतात. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. जानेवारीत सुरळीत चालणारा खेळ जूनमध्ये अडखळू लागला, तर पुष्कळदा कारण एवढेच असते.

वर्षातून दोनदा धूळ काढणे, तीन-चार वर्षांनी प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट बदलणे, कॅबिनेटच्या पुढून हवा आत आणि मागून बाहेर जाईल अशी पंख्यांची मांडणी करणे आणि संगणक भिंतीला किंवा टेबलाच्या बंद कप्प्याला चिकटवून न ठेवणे, एवढ्याने पुष्कळ काम होते. पंख्यावर हवेचा जोरदार झोत मारताना पाते बोटाने धरून ठेवावे. उन्हाळ्यात सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा लावून खेळले, तर कार्ड कमी तापते आणि विजेचे बिलही थोडे आवरते.

मॉनिटरचा विचार शेवटी येतो, पण तो विसरू नये. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी एक चित्र दाखवतो, १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी. संगणक १२० फ्रेम देत असेल आणि पडदा ६० च दाखवत असेल, तर खर्चाचा मोठा हिस्सा डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट यांसारखे चपळाईचे खेळ खेळणाऱ्यांनी हा खर्च ग्राफिक्स कार्डाच्या मागोमाग करावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेल्या 'राजी'सारख्या कथाप्रधान खेळांत रमणाऱ्यांना ६० हर्ट्झही पुरतात. मॉनिटरचे रेझोल्यूशन मात्र जपून वाढवावे. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख बिंदू असतात, म्हणजे १०८० च्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक. ते ओझे पुन्हा ग्राफिक्स कार्डावरच येते.

जुना माल आणि पावती

सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो. २०,००० रुपये मूळ किमतीचा भाग हातात पडेपर्यंत २३,६०० रुपयांचा होतो. पावती न घेतल्यास काही कमी होईल, असे आमिष दाखवले जाते. पावती नसेल तर दोन-तीन वर्षांची हमी मिळवणे कठीण होते, हे तेव्हा ध्यानात येत नाही.

वापरलेले भाग घेण्यात गैर काही नाही. प्रोसेसर आणि रॅम सहसा टिकाऊ असतात. त्यांत जोखीम कमी. ग्राफिक्स कार्ड मात्र तपासून घ्यावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामात रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. विक्रेत्यासमोर अर्धा तास जड खेळ चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावरील ठिपके पाहावेत. वापरलेला पॉवर सप्लाय आणि वापरलेली हार्ड डिस्क मात्र टाळलेलीच बरी. या दोन वस्तूंचे वय बाहेरून कळत नाही आणि त्यांच्या बिघाडाची किंमत मोठी असते.

क्रम काय?

नमुन्यातील संगणकापुरता निष्कर्ष असा. पहिल्या टप्प्यात मोजमाप, सफाई आणि बायोसमधील दुरुस्त्या. खर्च शून्याच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी. तिसऱ्या टप्प्यात खात्रीचा पॉवर सप्लाय आणि त्याबरोबर ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड; हे दोन्ही एकाच वेळी, आणि पैसे एकाचेच असतील तर आधी पॉवर सप्लाय. त्यानंतर पुन्हा मोजमाप करावे. आता प्रोसेसर आड येत असेल तर चौथ्या टप्प्यात बायोस अद्ययावत करून रायझन ५ ५६००. मॉनिटर त्यानंतर किंवा खेळाच्या प्रकारानुसार थोडा आधी.

दुसऱ्याच्या संगणकाला हा क्रम जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. कुणाकडे एसएसडी आधीच असेल, कुणाचे कार्ड नवे आणि प्रोसेसर जुना असेल. न बदलणारी गोष्ट एकच : प्रत्येक खरेदीपूर्वी एक मोजमाप आणि प्रत्येक खरेदीनंतर एक मोजमाप. दोन टप्प्यांत काही महिन्यांचे अंतर ठेवता येते, त्यामुळे घरखर्चावर एकदम भार पडत नाही.

काही वेळा उत्तर 'सध्या काहीच नको' असेही येते. चौथ्या-पाचव्या पिढीचा प्रोसेसर, डीडीआर३ रॅम आणि विंडोज ११ ला न चालणारा मदरबोर्ड असेल, तर त्यात नवे कार्ड घालणे म्हणजे मोडकळीस आलेल्या वाड्याला संगमरवरी फरशी बसवणे होय. अशा वेळी एसएसडी आणि पॉवर सप्लाय यांसारखे पुढच्या संगणकातही नेता येतील असे भागच घ्यावेत आणि बाकीचे पैसे राखून ठेवावेत. आणि जो खेळ रोज खेळला जातो, तो आजच्या संगणकावर ६० फ्रेमने सुरळीत चालत असेल, तर खोक्यावरील नव्या क्रमांकासाठी घरातील पैसे बाहेर काढण्याचे कारण उरत नाही.